दुसऱ्या गाडीचे मोजमाप

7 डिसेंबर 2025 च्या रविवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवसापासून सुरू होणाऱ्या हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंदोबस्ताने भरलेले असताना, धरमपेठेतल्या आमच्या घरी आठ-दहा माणसे अबुधाबीची फॉर्म्युला वन शर्यत पाहायला जमली होती. शर्यत रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टॅपेनने जिंकली, विश्वविजेता मात्र मॅक्लारेनचा लँडो नॉरिस झाला. वर्षभराच्या बेरजेत 423 गुणांविरुद्ध 421. तो दोन गुणांचा फरक पडद्यावर उमटला आणि खोलीत वाद पेटला. रेड बुलसारख्या संघावर ही वेळ कोणी आणली, हा त्या वादाचा विषय. माझ्या कॉलेजच्या मित्रांपासून पुतण्याच्या वर्गमित्रांपर्यंत सगळ्यांकडून मी हा प्रश्न ऐकतो आहे आणि प्रत्येक वेळी त्याची दोनच उत्तरे मिळतात. एक गट म्हणतो, जिंकणाऱ्याचे पाय ओढणारे नियम करून या संघाला मुद्दाम खाली आणले गेले. दुसरा गट म्हणतो, वीस वर्षे संघप्रमुख राहिलेल्या ख्रिश्चन हॉर्नर यांच्यावरून झालेल्या भांडणात संघ बुडाला; या गटातल्या काहींना ते गेल्याचे दुःख आहे आणि काहींना ते उशिरा गेल्याचे.

दोन्ही गट आरोपी शोधत आहेत. दुखणे नेमके केव्हा लागले, हे मात्र कोणीच विचारत नाही. माझे म्हणणे असे की रेड बुलचा ऱ्हास हॉर्नर यांना दूर केले त्या जुलै 2025 मध्ये सुरू झालेला नाही, आणि गाड्यांचे आराखडे करणारे एड्रियन न्यूई यांनी संघ सोडत असल्याचे जाहीर केले त्या मे 2024 मध्येही नाही. तो सुरू झाला 2023 मध्ये, म्हणजे या संघाने 22 पैकी 21 शर्यती जिंकल्या त्या हंगामात. तो ओळखण्याचे साधन तेव्हाही सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. ते साधन म्हणजे संघाची दुसरी गाडी.

प्रत्येक संघाच्या दोन गाड्या धावतात आणि दोघांच्या गुणांची बेरीज म्हणजे संघाचे गुण. 2022 मध्ये रेड बुलने 759 गुण मिळवले, त्यांतले 305 सर्जिओ पेरेझचे होते, म्हणजे शंभरातले चाळीस. 2023 मध्ये संघाचे 860 आणि पेरेझचे 285, म्हणजे एक तृतीयांश. 2024 मध्ये 589 पैकी 152, जेमतेम एक चतुर्थांश. 2025 मध्ये पेरेझ नव्हता. लियाम लॉसन दोन शर्यतींत शून्यावर राहिला, त्याची जागा युकी त्सुनोदाला मिळाली आणि संघाच्या 451 गुणांपैकी दुसऱ्या गाडीचे गुण होते 30, म्हणजे पंधरावा हिस्सा. या चार आकड्यांची उतरण पाहा. ती 2024 मध्ये सुरू होत नाही, आणि पहिल्या तीन वर्षांत चालक एकच असल्यामुळे सगळा दोष चालक बदलण्यावर टाकण्याचीही सोय नाही. मग 2023 मध्ये हे कोणाच्या लक्षात का आले नाही? कारण त्या वर्षी एकट्या व्हर्स्टॅपेनचे 575 गुण दुसऱ्या क्रमांकावरच्या मर्सिडीज संघाच्या दोन्ही गाड्यांच्या 409 गुणांपेक्षा जास्त होते. एक गाडी धावलीच नसती तरी विजेतेपद मिळाले असते. अशा वर्षी दुसऱ्या गाडीची काळजी कोण करतो?

ही काळजी का करायला हवी, हे समजण्यासाठी गाडी कशी विकसित होते ते पाहावे लागते. हंगाम चालू असताना संघ गाडीचा तळ, पंख आणि हवेची वाट ठरवणारे इतर भाग बदलत राहतो आणि प्रत्येक बदल फेरीच्या वेळेवर तोलला जातो. व्हर्स्टॅपेनला गाडीचे नाक वळणात तत्काळ आत शिरणारे हवे असते. त्यासाठी मागचा भाग थोडा सुटा राहिला तरी त्याला ती आवरता येते, आणि तशी गाडी त्याच्या हातात खरोखरच वेगवान ठरते. म्हणून प्रत्येक बदल त्या दिशेने एकेक पाऊल पुढे जातो. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, घड्याळच तसे सांगत असते. परंतु गाडी ज्या मर्यादेत नीट चालते ती पट्टी दर पावलागणिक अरुंद होत जाते. पहिला चालक त्या पट्टीत राहू शकतो, तोवर ती किती अरुंद झाली हे त्याच्या वेळेवरून कळत नाही. ते फक्त दुसऱ्या चालकाच्या वेळेवरून कळते. 2023 च्या पहिल्या चार शर्यतींपैकी दोन पेरेझने जिंकल्या होत्या. त्याच वर्षी मोनॅकोपासून सिल्व्हरस्टोनपर्यंत सलग पाच वेळा तो पात्रता फेरीच्या अखेरच्या टप्प्यातही पोहोचला नाही. गाडी आपल्यापासून दूर जात आहे, असे तो सांगत होता. बाहेर त्याचा अर्थ काढला गेला की माणूस खचला. 2024 मध्ये पहिल्या 10 पैकी 7 शर्यती जिंकल्यानंतर तीच गाडी व्हर्स्टॅपेनलाही आवरेना आणि इटलीतल्या मोंझामध्ये त्याने तिच्याबद्दल जाहीर संताप व्यक्त केला, तेव्हा पेरेझ वर्षभर काय सांगत होता ते पहिल्यांदा ऐकले गेले.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला मान्य आहे. व्हर्स्टॅपेन असामान्य आहे आणि त्याच्या शेजारच्या गाडीत कोणीही सामान्य दिसेल. मग दुसऱ्या गाडीवरून संघाची परीक्षा करणे अन्याय नाही का? असामान्य माणसाशेजारी दुसरा थोडा मागे राहणारच, यात वाद नाही. पण 2019 पासून सात वर्षांत त्या गाडीत पाच चालक बसले: गॅस्ली, आल्बन, पेरेझ, लॉसन, त्सुनोदा. त्यांतल्या गॅस्लीला 12 शर्यतींनंतर काढले आणि पुढच्याच वर्षी त्याने त्याच मालकाच्या दुसऱ्या, दुबळ्या संघातून मोंझाची शर्यत जिंकली. आल्बनने विल्यम्ससारख्या मागच्या रांगेतल्या संघाला कित्येकदा गुण मिळवून दिले. पाच पाटांवर पाच पाहुणे उपाशी उठत असतील, तर दोष पाहुण्यांच्या भुकेत शोधायचा की स्वयंपाकात?

शिवाय याच संघाचा इतिहास या आक्षेपाला उत्तर देतो. 27 ऑक्टोबर 2013 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सेबास्टियन वेटेलने सलग चौथे विजेतेपद नक्की केले. त्या दिवशी मी तिथे प्रेक्षकांत होतो. नागपूरहून रात्रभराचा रेल्वेप्रवास करून गेलो होतो. तीन वर्षे झालेल्या त्या तिन्ही भारतीय शर्यती वेटेलनेच जिंकल्या, म्हणून आपल्याकडे त्या काळाची आठवण एका माणसाची आठवण होऊन बसली आहे. प्रत्यक्षात 2010 मध्ये, पहिल्या विजेतेपदाच्या वर्षी, वेटेलने पाच शर्यती जिंकल्या आणि मार्क वेबरने चार, आणि अखेरच्या शर्यतीला जाताना वेबर वेटेलच्या पुढे होता. 2014 मध्ये नवे इंजिन दुबळे निघाले आणि वेटेल कोसळला, तेव्हा संघात नुकत्याच आलेल्या डॅनियल रिकार्डोने तीन शर्यती जिंकून संघाला दुसऱ्या क्रमांकावर उभे ठेवले. वेटेल काही लहान चालक नव्हता. तरीही त्याच्या शेजारची गाडी जिवंत होती, आणि संघाची पडझड झाली त्या वर्षी तिनेच संघ सावरला.

एकाच चालकाभोवती संघ उभारणे हेच शहाणपण आहे, शूमाकरच्या फेरारीने तेच केले, असेही सांगितले जाते. उदाहरण बरोबर आहे, पण ते अर्धे सांगितले जाते. 1999 मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरचा पाय मोडला, सहा शर्यती तो बाहेर राहिला, आणि तरीही त्याच्या शेजारच्या गाडीतला एडी अर्व्हाइन अखेरच्या शर्यतीपर्यंत चालकांच्या विजेतेपदासाठी झुंजला. फेरारीने 1983 नंतरचे पहिले सांघिक विजेतेपद त्याच वर्षी मिळवले. पुढे 2002 आणि 2004 मध्ये बारिकेलो शूमाकरच्या मागोमाग दुसरा आला. फेरारीत पहिल्या चालकाला प्राधान्य होते, कधी कधी ते अशोभनीय वाटावे इतके होते, पण दुसरी गाडी चालवता येत होती. व्हर्स्टॅपेनचा पाय 2025 मध्ये मोडला असता, तर रेड बुल कितव्या क्रमांकावर असता? 30 गुणांच्या हिशोबाने दहा संघांत नवव्या.

आता नियमांचा मुद्दा. तो पोकळ नाही. 2021 पासून संघांच्या खर्चाला मर्यादा आहे. त्याच वर्षी ती ओलांडल्याबद्दल रेड बुलला 70 लाख डॉलर दंड झाला आणि हवागतिकीच्या चाचण्यांचा वेळ दहा टक्क्यांनी कमी करण्यात आला. त्याआधीच या खेळात उतरती भाजणी आहे: आदल्या वर्षीच्या विजेत्याला ठरावीक चाचणीवेळेच्या 70 टक्के मिळतात, दहाव्या संघाला 115 टक्के. जिंकणाऱ्याला कमी सराव आणि हरणाऱ्याला जास्त, हे ऐकायला खटकते. अभ्यासात पहिल्या आलेल्या मुलाच्या हातातले पुस्तक काढून घेण्यासारखे हे आहे, असे माझा एक मित्र कळवळून म्हणतो. पण दोन गोष्टी तो विसरतो. पहिली अशी की ही शिक्षा सर्वांत कठोर होती तेव्हा, म्हणजे 2023 मध्ये, रेड बुलने 21 शर्यती जिंकल्या. दुसरी गोष्ट त्याहून निर्णायक आहे. 2024 चे सांघिक विजेतेपद मॅक्लारेनने मिळवले, म्हणून 2025 च्या सुरुवातीला 70 टक्क्यांचे जोखड मॅक्लारेनच्या मानेवर आले. आणि त्याच मॅक्लारेनने ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला, सहा शर्यती शिल्लक असताना, पुन्हा सांघिक विजेतेपद खिशात घातले. नॉरिसचे 423, ऑस्कर पियास्ट्रीचे 410. दोन गाड्या, त्यांच्यात 13 गुणांचे अंतर. जे जोखड वाहून एक संघ दुप्पट वेगाने धावला, त्याच्याच नावाने दुसऱ्याच्या पराभवाचे रडगाणे कसे गावे?

नियमांची मर्यादा आली की साधनांची गुणवत्ता कळते, हे मात्र खरे. चाचणीचे तास कमी असतील तर प्रत्येक तास खात्रीचा हवा. रेड बुलचे विंड टनेल, म्हणजे गाडीवर वारा सोडून तिची चाचणी घेण्याचा बोगदा, बेडफर्डचे, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातले, आणि तिथले आकडे व धावपट्टीवरचे आकडे जुळत नाहीत अशी तक्रार संघातूनच होत होती. नवे बांधण्याचा निर्णय झाला आहे, पण विजयाच्या वर्षांत जुन्यावर भागत होते. नागपूरच्या माणसाला इथे एम्प्रेस मिल आठवल्याशिवाय राहत नाही. 1877 मध्ये सुरू झालेली ती गिरणी नीट चालत असतानाच जमशेटजी टाटा यांनी तिथे नव्या पद्धतीच्या रिंग चात्या बसवल्या, आणि त्या वेळी खुद्द लँकेशायरच्या गिरण्या जुन्या यंत्रांवरच विसंबून होत्या. चालत्या गिरणीची यंत्रे बदलायला धाडस लागते. तोट्यातल्या गिरणीची बदलायची तर पैसाच उरलेला नसतो.

हॉर्नर यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. 2005 मध्ये नवख्या संघाची सूत्रे घेऊन सहा सांघिक आणि आठ वैयक्तिक विजेतेपदे मिळवून देणारा माणूस किरकोळ नव्हता. आणि 9 जुलै 2025 रोजी त्यांना दूर करून लॉरां मेकीस यांना आणल्यानंतर उन्हाळी सुटीपुढच्या दहापैकी सहा शर्यती व्हर्स्टॅपेनने जिंकल्या, हेही खरे आहे. म्हणजे प्रमुख बदलताच दुखणे बरे झाले, असे नाही का? कामाची पद्धत सुधारली, चालकाचे आणि अभियंत्यांचे अधिक ऐकले जाऊ लागले, एवढे मी मान्य करतो. परंतु मोंझाला आलेला गाडीचा नवा तळ दोन महिन्यांत आकाशातून पडत नाही. त्याचा आराखडा, चाचण्या आणि घडण यांमागे महिनोन्‌महिने काम केलेली माणसे आधीपासून तिथे होती, आणि मेकीस यांनी त्याचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही, हे त्यांना शोभून दिसले. आणि त्या दहा रविवारच्या शर्यतींत दुसऱ्या गाडीची सर्वोत्तम कामगिरी काय होती? बाकूचा सहावा क्रमांक. पहिल्या गाडीचा ताप उतरला, दुसरीचा तसाच राहिला. प्रमुख बदलण्याने जे बरे झाले ते दुखण्याचे मूळ नव्हते, याचा याहून स्वच्छ पुरावा मला सुचत नाही.

प्रमुखावरून झालेल्या भांडणाचे मूळही प्रमुखात नाही. कंपनीचे ऑस्ट्रियन संस्थापक डीट्रिच मातेशित्झ ऑक्टोबर 2022 मध्ये वारले. 51 टक्के मालकी थायलंडच्या यूविध्या कुटुंबाकडे आहे, 49 टक्के मातेशित्झ यांच्या मुलाकडे. संस्थापक असेपर्यंत या आकड्यांना महत्त्व नव्हते, कारण त्यांचा शब्द अखेरचा होता. ते गेले आणि संघात दोन सत्ताकेंद्रे उभी राहिली. नागपूरकरांना हे नवे वाटू नये. बंगालवर स्वाऱ्या करून 1751 मध्ये ओडिशा मिळवणारे पहिले रघुजी भोसले 1755 मध्ये निवर्तले आणि जानोजी व मुधोजी या मुलांत गादीचा तंटा लागला. जानोजींनंतर तो मुधोजी आणि साबाजींमध्ये पेटला व 1775 मध्ये नागपूरजवळच्या पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. राज्य तेव्हा गेले नाही, ते 1854 पर्यंत टिकले. पण दूर कटकपर्यंत पाहणाऱ्या दरबाराची नजर वाड्याच्या आत वळली, ती पुन्हा तशी बाहेर गेली नाही. रेड बुलच्या मिल्टन कीन्सच्या कारखान्यात 2024 भर हेच झाले. हॉर्नर यांच्याविरुद्धच्या तक्रारीची चौकशी होऊन ती फेटाळली गेली, तरी कोणत्या गटाची सरशी झाली याचीच चर्चा चालू राहिली. आणि त्याच सुमारास अभियंते रॉब मार्शल मॅक्लारेनला, न्यूई अ‍ॅस्टन मार्टिनला, क्रीडा संचालक जोनाथन व्हीटली साउबरला गेले. 2025 संपताना संघाचे सल्लागार हेल्मुट मार्कोही निघाले. गेलेल्या माणसांची यादी सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या खालची माणसे तयार होती का, ही यादी कोणी करत नाही.

ती यादी कशी दिसते, हे आपल्या जामठ्याच्या मैदानाकडे पाहून कळेल. 2017-18 च्या रणजी अंतिम सामन्यासाठी विदर्भाचा मुख्य गोलंदाज उमेश यादव उपलब्ध नव्हता; तो भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला होता. इंदूरला दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक केले आणि विदर्भाने पहिल्यांदा करंडक उचलला. पुढल्या वर्षी पुन्हा. नंतर त्या दोन्ही विजयांचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मध्य प्रदेशला गेले आणि 2022 मध्ये त्यांनी तो संघही जिंकून दाखवला. तेव्हा आमच्याकडे बोलले जात होते, विदर्भ म्हणजे पंडितच होते, आता संपले. 2023-24 मध्ये विदर्भ अंतिम सामन्यात होता. 2024-25 मध्ये जामठ्यालाच केरळविरुद्ध तिसरे विजेतेपद आले, आणि त्या हंगामात हर्ष दुबेने 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. प्रशिक्षकाचे मोठेपण मी नाकारत नाही. मध्य प्रदेशने ते सिद्धच केले. पण त्यांच्यामागे वयोगटांचे संघ आणि अकादमीतून घडत आलेली मुले होती. मुख्य गोलंदाज परदेशात असताना चेंडू हातात घ्यायला कोणीतरी होता. दुसरी गाडी चालत होती, एवढाच त्याचा अर्थ.

क्रिकेटशी तुलना ताणलेली आहे, असे म्हणता येईल. अकरा माणसांचा खेळ आणि दोन गाड्यांचा खेळ वेगळे आहेत. शिवाय गाडीत हजारो भाग आणि शेकडो अभियंत्यांचे श्रम असतात. मला वाटते, नेमके म्हणूनच ही तुलना अधिक लागू पडते. शेकडो माणसांच्या श्रमाची कसोटी एका चालकाच्या हातावर लावणे म्हणजे त्या शेकडोंना हिशोबातून वगळणे. व्हर्स्टॅपेनचे 421 गुण पाहून कारखान्यातल्या अभियंत्याला आपण बरोबर केले की चूक, हे कळत नाही, कारण आपली चूक त्याने झाकली असण्याची शक्यता नेहमीच असते. त्याला खरे उत्तर दुसऱ्या गाडीकडूनच मिळू शकते.

2026 पासून सगळेच नवे आहे. गाडीची जवळपास निम्मी शक्ती विजेतून, पंख धावताना बदलणारे, आणि होंडाची साथ सुटल्यावर रेड बुलचे फोर्डच्या मदतीने घडवलेले स्वतःचे पहिले इंजिन. न्यूई नाहीत, हॉर्नर नाहीत, मार्को नाहीत. व्हर्स्टॅपेनशेजारी इझाक हाजार हा तरुण बसेल. इंजिन पहिल्या वर्षी चालेल की रुसेल, हे मार्चमध्ये मेलबर्नला दिसू लागेल. ते रुसले तरी मी संघाला दोष देणार नाही, कारण पहिल्या प्रयत्नात इतरांची दशकांची पुंजी गाठणे फार कठीण आहे. माझे लक्ष हाजारकडे असेल. तो व्हर्स्टॅपेनला हरवेल अशी माझी अपेक्षा नाही. गाडी आवळते आहे असे त्याने सांगितले, तर ते त्याच आठवड्यात ऐकले जाते की त्याच्या जागी सातवा माणूस शोधला जातो, एवढेच मला पाहायचे आहे.

आमच्या घरी पुतण्या दरवर्षी फ्रिजच्या दारावर गुणतक्ता चिकटवतो. आजवर त्यात प्रत्येक संघापुढे बेरजेचा एकच आकडा असे. या वर्षीचा तक्ता त्याने परवा आखायला घेतला, तेव्हा मी त्याच्याकडून प्रत्येक संघापुढे दोन रकाने काढून घेतले, आणि दुसऱ्या रकान्यातले आकडे मी स्वतः भरणार आहे.